मागच्या घोड्यावरचे काका

डोंबिवलीला आमच्या शेजारी राहणारे काका मूकपटांच्या काळात विनोदी नट होते. बोलपट आले आणि त्यांचा आवाज पिपाणीसारखा निघाला. मग मारधाडीच्या सिनेमांत त्यांना नायकाचा जोडीदार करून मागच्या घोड्यावर बसवलं. वाक्य एकच, "सरदार, शत्रू आला." एरवीही ते हातवाऱ्यांनीच बोलायचे. भाजीवालीकडे वांगी मागायची झाली, तर गाल फुगवून स्वतःच वांगं व्हायचे.

एकदा कल्याणच्या थेटरात त्यांचाच जुना सिनेमा लागला, म्हणून मी त्यांना ओढून नेलेलं. ऐन लढाईत आवाज गेला. पब्लिक खुर्च्या आपटायला लागलं. मालकाने काकांना ओळखलं आणि हात जोडले. "काका, तेवढं सांभाळून घ्या."

काका पडद्यापुढच्या ओट्यावर चढले. नायक, नायिका, शत्रू, घोडे, सगळ्यांना त्यांनी तोच पिपाणीचा आवाज दिला. नायिकेच्या रडण्याला तर लोक पोट धरून हसले.

इतक्यात मशीन दुरुस्त झालं आणि पडद्यावरचा नायक भरदार आवाजात गरजला. काका गुपचूप खाली उतरायला लागले.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, तो आवाज बंद कर. काकांना बोलू दे."