कोपरा फाडलेलं कार्ड

बशीतला चहा आधी पिऊन घ्या. मी सांगायला लागलो की तुमी हसणार, अन् सतरंजीवर डाग पडला की आमची ही मलाच बोलणार. तशी तिला बोलायला कारण लागत न्हाई, पण या बाबतीत तिची बाजू लय मजबूत हाय. गाढवपणा सगळा माझा.

तेव्हा मी परभणीत एका शाळेवर मास्तर होतो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी निघंल की न्हाई याचा भरवसा न्हवता. तरी आमी चार मास्तरांनी ठरवलं की दिवाळी झाली की बायकापोरांसकट चार दिवस खेड्यात, मोकळ्या हवेत जाऊन राहायचं. जायचं रेल्वेनं. लेकरं धरून एकोणीस माणसं. राहायची जागा ठरवायची जिम्मेदारी माझ्यावर आली, कारण हे ठरलं तेव्हा मी चहा सांगायला आत गेलो होतो.

जागा दोन होत्या. एक, गंगाखेडला गोदावरीच्या काठची धर्मशाळा. दुसरी, माझी सासुरवाडी. चुडाव्याला उतरायचं अन् पुढं दोन कोस चालायचं. ऐसपैस घर, मळ्यात विहीर, बांधावर सीताफळं, भुईमुगाच्या शेंगा. तुमी म्हणाल, यात ठरवायचं काय?

पण सासुरवाडीत मामा होते ना! मामा म्हणजे माझे सासरे. माणूस दिलदार, पण माझ्यावर मर्जी न्हाई. मास्तर असून याचं अक्षर मुंगळे पळाल्यावानी, अन् रामराम घालतो तोबी ऐकू येत न्हाई, असं ते गावभर सांगायचे. खरं सांगू? त्यांच्यापुढं गेलो की माझा आवाजच बसायचा.

अन् इकडं आमची ही, कौशल्या. दोन वर्षं तिचं दिवाळीला माहेरी जाणं झालं न्हवतं. एकदा माझी निवडणुकीची ड्यूटी, एकदा लेकीचा गोवर. आईची याद काढून रडायची बिचारी. तिनं मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "धर्मशाळा ठरली तर तुमी तिथंच राहा. कायमचं."

बैठक आमच्याच घरी बसली. काय गोंधळ! घडीत धर्मशाळा, घडीत सासुरवाडी. एकीला नदी पाहिजे, दुसरीला नदीचीच भीती. कुणाचं कुणाला कळंना. मी हुशारी करून दोन्हीकडची पोस्टकार्डं आधीच लिहून ठेवली होती. मामांचं कार्ड तर ड्रॉइंग मास्तरांचा टाक मागून आणून, पट्टीनं रेघा मारून, मोत्यासारख्या अक्षरात. म्हटलं, बघू दे म्हाताऱ्याला जावाई काय चीज हाय.

शेवटी सीताफळं जिंकली. कौशल्येचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला. आता माझी एक सवय. पेपर तपासून झाला की त्याचा वरचा कोपरा जरासा फाडायचा, म्हंजे झालेले कुठले अन् राहिलेले कुठले ते कळतं. मामांचं कार्ड पास झालं होतं. मी कोपरा फाडला, अन् जाऊन पेटीत टाकून आलो.

हां, बघा, तुमाला लगेच कळलं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हंजे मयताची खबर. ते उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत, बाहेरच वाचतात अन् फाडून टाकतात. शेंबड्या पोराला ठाऊक. मला ठाऊक न्हवतं का? होतं की! पण हाताला कुठं ठाऊक होतं? हात पेपर तपासायलाला.

ठरल्या दिवशी एकोणीस जण वळकट्या घेऊन पॅसेंजरमधी बसलो. पूर्णेला गाडी थांबली. समोरच्या रुळावर परभणीकडं जाणारी गाडी उभी होती. इंजिनच्या धुरानं अन् कोळशाच्या कणांनी काही दिसंना, मी चष्मा खिशात ठेवलेला. त्या गाडीतून एका बाईचा असा हंबरडा ऐकू आला की काळीज हललं. कौशल्या फलाटावर नळाला लेकरांना पाणी पाजायला गेलेली. मी दारात उभा राहिलो, टोपी काढली, चपला सोडल्या, हात जोडून मान खाली घातली. कोण बिचारा गेला, देव जाणे. ती गाडी सुटंस्तोवर मी तसाच उभा होतो.

चुडाव्याला उतरलो तर बैलगाड्या न्हाईत. कार्डात तर दोन गाड्या पाठवा म्हणून लिहिलं होतं. मंडळी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, येतच असतील, चला तोवर. तोवर म्हणता म्हणता दोन कोस संपले.

गावाच्या शिवेवर गयाबाई मेंढरं चारायलाली. मामांची शेजारीण, चांगली वळखीची. मला बघितलं अन् ती मटकन खालीच बसली.

"जावाई, तुमी कसे आले?"

"पॅसेंजरनं," मी म्हटलं.

ती डोळे फाडून माझ्या पायांकडं बघायला लागली. पाय सरळ हायत का उलटे, हे बघत होती म्हणं. पुढं गेलो तर तसंच. पारावरची माणसं उठून उभी. एका म्हाताऱ्यानं मला लांबूनच हात जोडले. मला वाटलं, वा, काय मान हाय जावयाला या गावात!

मामांच्या दाराला कुलूप. चूल थंड. आता मात्र माझंबी डोकं चालंना. मागून गयाबाई धापा टाकत आली, अन् हळूहळू सगळं बाहेर पडलं.

कार्ड आदल्या दिवशीच पोचलं होतं. मामींनी, म्हंजे माझ्या सासूबाईंनी, फाटका कोपरा बघितला अन् ते हातातून दारातच टाकून दिलं. मामा चष्मा आणायला आत गेले. चष्मा घेऊन बाहेर येईस्तोवर शेळीनं कार्ड खाल्लं होतं. सगळं! पोस्टमनला एवढंच आठवत होतं की शिक्का परभणीचा. मग गेलं कोण? मामा म्हणाले, जावयाची म्हातारी चुलती असंल. पण पोस्टमन म्हणाला, अक्षर जावयाचं न्हवतं, लय सुंदर होतं. झालं! जावाई जित्ता असता तर त्यानंच लिहिलं असतं की. दुसऱ्यानं लिहिलं म्हंजे जावाईच गेला. अख्ख्या गावाला हे पटलं, अन् मामा-मामी पहाटेच परभणीला निघाले.

यात चूक कुठं हाय, सांगा बरं? मला तर आजपर्यंत सापडली न्हाई.

कौशल्येनं मला एवढंच विचारलं, "कोपरा तुमी फाडला?" मी मान डोलावली. ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. दोन वर्षांनी माहेरी आली, तर दाराला कुलूप, अन् आई-बाप तिकडं तिचं कुंकू गेलं म्हणून रडत फिरत असणार. मला लय वाईट वाटलं. एकोणीस माणसं गावकऱ्यांनी घरोघरी वाटून घेतली, पिठलं-भाकरी घातली. मी पहिला घास घेतला तेव्हा सगळी आळी बघत होती, खातो का न्हाई ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा-मामी परत आले. परभणीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, मास्तर सहलीला गेलेत, पेढ्याचा पुडा काखेत मारून सगळ्यांच्या पुढं पळायलाले. मामी लेकीच्या गळ्यात पडल्या अन् दोघी मनसोक्त रडल्या. मामा माझ्याभोवती एक चक्कर मारून समोर थांबले.

"जावाईबापू, यापुढं कार्ड तुमच्याच अक्षरात लिवा. मुंगळे दिसले की आमी समजू, जित्ते हाईत."

सगळे हसले. मीबी हसलो. म्हटलं, चला, सुटलो एकदाचा. मामांनी आमाला चाराचे सहा दिवस ठेवून घेतलं, कौशल्या तर हवेत होती.

पण खरी गोष्ट पुढंच हाय. मामा-मामी परत आले त्याच संध्याकाळी मामी सीताफळं वाटायलाल्या. वाटता वाटता ड्रॉइंग मास्तरांच्या बायकोला सांगायला लागल्या.

"जगात भली माणसं हायत गं माय. पूर्णेला समोरच्या गाडीत एक जण, ना वळखीचा ना पाळखीचा, माझं रडणं ऐकून टोपी काढून हात जोडून उभा राह्यला. गाडी सुटंस्तोवर मान वर केली न्हाई त्यानं. धुरात तोंड दिसलं न्हाई, पण काय संस्कार! न्हाई तर आमचे जावाई. रामरामबी धड घालता येत न्हाई."

कौशल्येनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, रामरामाच्या टोमण्यावर मी काहीतरी बोलणार.

काय बोलणार? माझ्याच मयतीला मी उभा होतो म्हणून सांगू? सीताफळाच्या बिया मोजत बसलो.