सहा मॅडम, एक धडा

नोकरीसाठी मी आजवर अकरा डेमो दिले, त्यांतले नऊ पार्ट्स ऑफ स्पीचवर. डेमो म्हणजे इंटरव्ह्यूच्या दिवशी परक्या वर्गापुढे वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. मागच्या बाकावर प्रिन्सिपल आणि संस्थेची दोन-चार माणसं बसलेली असतात. विषय तेच देतात. इंग्रजीच्या बाईला एखादी कविता द्यावी, गोष्ट द्यावी, तर ते नाही. वाक्यातलं नाम कुठलं, क्रियापद कुठलं, विशेषण कुठलं, ते ओळखायला शिकवा. असं का, ते मला फार उशिरा कळलं. मागे बसलेल्यांपैकी निम्म्यांना शाळेतल्या इंग्रजीतलं तेवढंच आठवत असतं.

बावीस वर्षं मी जबलपुरातल्या खाजगी शाळांमधून शिकवते आहे. वर्ष संपलं की मोकळं करायचं आणि नवीन वर्ष लागलं की पुन्हा अर्ज मागवायचा, अशी बहुतेक शाळांची रीत. दोन शाळांनी तर मला माझ्याच वर्गावर डेमो द्यायला लावला. मुलं हसत होती, मीही हसले. पंचेचाळिशीनंतर पक्क्या जागेसाठी कुणी बोलावत नाही, आणि गेल्या फेब्रुवारीत सदर बाजारातल्या एका शाळेचं बोलावणं आलं तेव्हा मला पंचेचाळीस पूर्ण व्हायला चार महिने होते. जागा पक्की होती. मिळाली तर हा शेवटचा डेमो होता आणि नाही मिळाली तरी शेवटचाच.

आदल्या दिवशी मी रंगीत खडू शोधत होते, तर नवरा म्हणाला, "काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली? एकच तं धडा आहे." तो रेल्वेत आहे. एकदा लागला तो लागला, त्याला कुणी दरवर्षी गाडीला झेंडा दाखवून दाखव म्हणत नाही. एकच धडा होता हेच तर माझं दुखणं होतं. इतक्या वर्षांत तो माझ्या तोंडात असा बसला होता, की शिकवताना मी रात्रीच्या भाजीचा विचार करू शकत असे.

डेमोचे माझे काही नियम आहेत. फळ्यावर एकच वाक्य, छोटं. दर दोन मिनिटांनी एक प्रश्न. आणि ज्याला येत नाही त्याला कधी विचारायचं नाही. कुणाला येत नाही ते चेहऱ्यावरून कळतं, नाही कळलं तर बावीस वर्षं पाण्यात. वर्गात न येणाऱ्यासाठी थांबायचं असतं, डेमोत थांबलात की वीस मिनिटं संपली आणि नोकरीही संपली.

आम्ही सहा जणी होतो आणि माझा नंबर शेवटचा. बाकीच्या पाच जणी माझ्या मुलीच्या वयाच्या. एकीजवळ लॅपटॉप होता, एकीनं फळांच्या चित्रांची कार्डं आणली होती. डेमोसाठी एकच वर्ग राखून ठेवला होता, सहावीचा. म्हणजे त्या मुलांना सकाळी अकरापासून एकामागून एक सहा मॅडम तोच धडा शिकवणार होत्या. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून भिंतीपलीकडून ऐकत होते. पहिल्या मॅडमच्या वेळी मुलं अडखळत होती. तिसरीपर्यंत सगळा वर्ग एका सुरात 'नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग' म्हणू लागला. पाचवीच्या वेळी प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर येऊ लागलं. दोन मॅडमच्या मध्ये वर्गशिक्षिका आत जाई आणि मुलांना बजावी, "सब लोग हाथ उठाना. मॅडम की नौकरी का सवाल है."

माझा नंबर आला तेव्हा दीड वाजून गेला होता. मुलांची डब्याची सुट्टी पुढे ढकलली होती. वर्गात शिरले तर कुणाच्या तोंडावर काही नव्हतं, राग नाही, कुतूहल नाही. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. पाच जणींनी हेच दळण दळून ठेवलं होतं, मला नुसतं पीठ भरायचं होतं.

फळ्यावर मी 'द ओल्ड डॉग स्लीप्स अंडर द ट्री' लिहिलं. विचारलं की चाळीस हात वर. डॉग नाम, ओल्ड विशेषण, सगळं धडाधड. प्रिन्सिपल मान डोलावत होत्या. दहा मिनिटं झाली होती आणि मी भलतीच निर्धास्त झाले. क्रियापद कुठलं, असं विचारून मी न बघताच खिडकीजवळच्या पहिल्या बाकाकडे बोट केलं.

एक मुलगी उभी राहिली. बारीक, दोन वेण्या, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तिचा हातही वर होता, कारण सगळ्यांनी वर करायचा होता. ती फळ्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. शेजारणीनं हळूच काही सांगितलं, ते तिला ऐकू आलं नाही किंवा आलं तरी उपयोग नव्हता. सकाळपासून पाच वेळा हाच धडा झाला होता आणि ह्या मुलीपर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं.

मागे बसलेल्या माणसांना तिची फक्त पाठ दिसत होती. हे माझ्या एका क्षणात लक्षात आलं. मी दोन पावलं पुढे गेले, तिच्याकडे वाकले, एखादीचा आवाज बारीक असला की आपण कान देतो तसा कान दिला, मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाले, "व्हेरी गुड! स्लीप्स. सिट डाउन, बेटा." ती बसली. तिनं तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. उरलेली मिनिटं छान गेली, आणि मग सगळ्यांनी डबे उघडले.

आठ दिवसांनी बोलावून प्रिन्सिपलनी हातात पत्र दिलं. पक्की जागा, एप्रिलपासून. म्हणाल्या, "बाकी सब तो सबने एक जैसा ही पढ़ाया. पर उस चुप बच्ची को आपने जिस तरह बुलवाया, वो हमें बहुत अच्छा लगा. वो किसी के सामने नहीं बोलती." मी "जी, थैंक यू" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? घरी नवऱ्यानं खोव्याची जिलेबी आणली आणि घोडं एकदाचं गंगेत न्हालं म्हणाला. जिलेबी गोड लागली. त्या रात्री मला झोपही चांगली लागली, हे लपवत नाही.

एप्रिलमध्ये मला सातवी दिली. ती मुलगी वर्गात होतीच, खिडकीजवळच्या पहिल्याच बाकावर. मला बघून हसली, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तशी. चोराच्या मनात चांदणं. मी दुसऱ्या दिवसापासून दाराच्या बाजूनं शिकवायला लागले. तिची वही तपासली तेव्हा कळलं की तिला इंग्रजी वाचताच येत नाही. अक्षर सुरेख, फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवलेलं, पण अर्थ एकाही शब्दाचा ठाऊक नाही. हिला वेगळं बसवून पहिल्यापासून शिकवायला हवं, हे मला कळत होतं. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं होती, वर परीक्षेचं काम माझ्याकडे दिलेलं, दुपारपर्यंत पाय सुजत. बघू पुढच्या आठवड्यात, असं म्हणत उन्हाळ्याची सुट्टी आली आणि गेली. तिला मी एकदाही प्रश्न विचारला नाही. मी स्वतःला सांगितलं, की तिला चारचौघांत लाजवायचं नाही म्हणून विचारत नाही.

ऑगस्टमध्ये पालकांची मीटिंग झाली. तिची आई आली, कामावरून थेट आल्यासारखी, पदरानं घाम पुसत. रजिस्टरवर माझं नाव वाचून म्हणाली, "तुम्ही मराठी आहा न, मॅडम? बरं झालं. मले हिंदीत एवढं बोलता नाही येत." मी म्हटलं, बसा.

मुलीच्या मार्कांचं कसं सांगावं ह्याची मी जुळवाजुळव करत होते. तिनंच हातानं मला थांबवलं. "मार्कांचं राहू द्या, मले माहीत आहे. मी वेगळं विचाराले आली." मग तिनं त्या फेब्रुवारीतल्या दिवसाचं सांगितलं. मुलगी घरी गेली आणि म्हणाली, आई, आज सहा मॅडम आल्या होत्या. पाच जणींनी मला विचारलंच नाही. सहाव्या मॅडमनं विचारलं आणि मला काही आलं नाही.

"तं म्हणे, मॅडमले समजलं मले येत नाही म्हणून. पण त्यायनं कोणाले सांगितलं नाही. म्हणून मीबी नाही सांगितलं कोणाले. सांगितलं असतं तं मॅडमची नोकरी गेली असती न."

मला फार लाज वाटली. अकरा वर्षांची पोर, तिला सगळं कळलं होतं, आणि तिनं त्यातून माझ्याकडचा चांगुलपणा शोधून काढला होता.

"आता एप्रिलपासून मी तिले रोज विचारून राहिली," आई म्हणाली, "मॅडम शिकवतात का तुले? तं म्हणते, अजून नाही. त्यायची नोकरी पक्की व्हाची असन, ती झाली का मंग शिकवतीन. मी म्हटलं, चला, आपणच जाऊन विचारू." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. दुकानात एखादी वस्तू आली का विचारावं, तसं ती विचारत होती. "तं झाली का, मॅडम, पक्की?"

मी म्हटलं, "हो, झाली. एप्रिलमध्येच झाली."