राजूर घाटातली पंधरा मिनिटं

परवा गॅरेजमध्ये तापलेल्या रेडिएटरवर ओला गोणपाट टाकलेला दिसला. त्याच्या वासाने राजूर घाट आठवला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बायकोला कळा सुरू होत्या. भाड्याच्या मोटारीने आम्ही मोताळ्याहून बुलढाण्याच्या दवाखान्यात निघालो. घाटात रेडिएटर उकळला. ड्रायव्हर रहीमभाईंनी इंजिन बंद केलं.

मी पाणी ओतायला धावलो, तसे ते म्हणाले, "थंडं पाणी नका टाकू, भाऊ. इंजिन तडकते."

"मंग चालू ठेवा, पंख्यानं निवंल."

"पेट्रोल वरपर्यंत पुरलं पाह्यजे ना!"

मागून बायको ओरडली, "भांडत राहा दोघं, मी इथंच मोकळी होतो!"

रेडिएटरवर ओला गोणपाट टाकून रहीमभाई आतली खदखद ऐकत राहिले. पंधरा मिनिटांनी ती थांबल्यावरच निघाले. दवाखान्याच्या फाटकात पेट्रोल संपलं. तासाभरात मुलगी झाली.

तेव्हा ती पंधरा मिनिटं निर्दय वाटली होती. आज वाटतं, त्या एका माणसाच्या कानाच्या भरवशावर दोन जीव घाट चढले.