खालच्या ओळीतले चेहरे

कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रकं वाटत होतो, तेव्हा फोन आला... रंजनाताई हृदयविकाराच्या झटक्यानं गेली. हातात तिनंच जुळवलेलं पत्रक होतं. गठ्ठा संपेपर्यंत वाटत राहिलो. अर्ध्यावर थांबलो असतो, तर तिला चाललं नसतं.

पनवेलच्या एका गल्लीत तिचं बॅनर-पत्रिका डिझाईन करायचं दुकान. वाढदिवसाचे बॅनर सगळेच करतात: वर साहेब खिडकीएवढा, खाली शुभेच्छुक बटणाएवढे, आणि तेही इतके फुटलेले की आईसुद्धा ओळखणार नाही. ताई त्या खालच्या ओळीवरच जास्त वेळ घालवायची. म्हणायची, "साहेबाला सगळे ओळखतात रे. याला कोण ओळखणार?"

गेल्या वर्षी बेलपाड्याच्या बायका गावच्या तळ्यात पडणाऱ्या भरावाविरुद्ध धरणं धरून बसल्या. भराव टाकणाऱ्यांनी आवई उठवली, या भाड्यानं आणलेल्या बायका आहेत. बेशरमपणा तरी किती! आणि तो खपलाही, कारण छापून आलेल्या फोटोत चेहरेच नव्हते, नुसते रंगाचे चौकोन. त्यांच्या धरण्यात मीही होतो; मी ठरवलं, प्रत्येकीचा चेहरा नावासकट बॅनरवर घ्यायचा. ग्रुपवर फिरत आलेले फोटो ताईकडे दिले.

तिनं एक फोटो मोठा करून दाखवला. "बघ. सेव्ह कर, पुढे ढकल, सेव्ह कर, पुढे ढकल. दर वेळी फाईल दाबली जाते आणि थोडा माणूस गळतो."

"मग शार्प कर ना!"

"कुठून करू? गेलेलं नाक माझ्या मनानं काढू? मग त्यांचंच खरं होईल की. खोट्या बायका!"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बाई लॅपटॉप आणि वायर घेऊन बेलपाड्यात हजर. फोनांमधले मूळ फोटो वायरनं उतरवून घेतले. ज्यांचे नव्हते, त्यांना अंगणात उभं करून काढले. सगळ्यांत म्हाताऱ्या हिराकाकीनं तोंडावर पदर ओढला. "माजा नको गो बाय, सुरकुत्या दिसतान."

"दिसू देत काकी. सुरकुत्या भाड्यानं मिळत नाहीत."

काकी खो खो हसली. तोच फोटो बॅनरवर गेला.

भरावाच्या तक्रारीवर सरकारी कचेरीत सुनावणी होती, त्या दिवशी बॅनर कचेरीच्या दाराबाहेर लावला. आत पुन्हा तोच आरोप झाला, तशी हिराकाकीनं आरोप करणाऱ्याला बाहेर बोलावलं आणि स्वतःच्या चेहऱ्याखाली उभी राहिली. "बग रं नीट! मीच हाय ना? आता सांग, आमी कुटल्या गावच्या?"

त्या सुनावणीनंतर भराव थांबला. पण टाकलेला अजून कुणी उचललेला नाही, ती लढाई बाकी आहे. ताईच्या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो मी आवाज खाली न करता सांगणार.

परवा पुढच्या सुनावणीसाठी तेच फोटो पाठवायचे होते. तिच्या भावानं दुकान उघडून दिलं. फोटोंची फाईल बनवायची एक्स्पोर्टची चौकट उघडली, तर क्वालिटीचा सरकता काटा तिनं ठेवला होता तिथंच, अगदी उजव्या टोकाला. फाईल अवजड झाली, हलेचना.

"काटा डावीकडे घे, फाईल दाबली जाईल, पटकन जाईल," भाऊ म्हणाला.

मी काट्याला हात लावला नाही. तिची खुर्ची सोडून शेजारच्या स्टुलावर बसलो... आणि फाईल पूर्ण जाईपर्यंत उठलो नाही.