फॉर्मवरची खोटी तारीख

मी वेल्ह्याच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत मी स्वतः जिल्ह्याच्या पुढं कधी गेले नाही. म्हणूनच असेल, सातवीतली एक मुलगी पाबे घाटाचा चढ न थांबता पळत गेली, तेव्हापासून तिला मी सोडलंच नाही. तिच्या घरी भातशेती, आईवडील कष्टाळू. पुढं ती कॉलेजला भोरला गेली, तरी शनिवार-रविवारचा सराव माझ्याकडंच असे. राहिलेल्या दिवसांचं वेळापत्रक मी मोबाईलवर पाठवायची.

दर शनिवारी किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर तिला उभी करायचे. "रात्री एकच भाकरी, तूप बंद," असं सांगायचे. ती वाळत गेली आणि वेग वाढत गेला. देशातल्या पहिल्या काही मुलींत तिचं नाव आलं, तेव्हा वेल्ह्यात सत्कार माझाही झाला.

एका बाजाराच्या दिवशी तिची आई शाळेच्या फाटकाशी थांबली होती. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मॅडम, पोरीला पाळी न्हाई. वरीस होत आलं. काय आसंल?"

"पळणाऱ्या मुलींचं असंच असतं, ताई. माझीही थांबली होती."

माझी कधीच थांबली नव्हती.

"तुमी म्हंता म्हंजे ठीकच आसंल," म्हणून ती एसटी गाठायला निघून गेली. मला तर मनातून बरंच वाटलं होतं. महिन्याचे चार दिवस सरावाचे वाचत होते.

मग मुलीची पुण्यातल्या मोठ्या सराव शिबिरात निवड झाली. त्याआधी भरायचा आरोग्याचा फॉर्म आला. तिचा फोन आला, "मॅडम, शेवटच्या पाळीची तारीख विचारलीय. काय लिहू?"

"मागच्या महिन्यातली कुठलीतरी टाक."

"खोटी?"

"खरी लिहिलीस तर घरी पाठवतील."

शिबिरात दोन महिन्यांतच तिचा दम तुटायला लागला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पुण्याला बोलावून घेतलं. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती, हाताच्या काड्या झालेल्या. त्यांनी समजावून सांगितलं, "हिच्या हाताला पट्टा आवळला आणि काही मिनिटांनी सोडला. रक्त जोरात परत आलं की रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, रुंदावायला हवी. हिची जेमतेम हलली. विशीतल्या खेळाडूची रोहिणी अशी नसते."

"पण पळण्यानं तर रक्तवाहिन्या चांगल्या राहतात ना?" मी विचारलं.

"राहतात. पण पुरेसं खाऊन पळलं तर. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर पाळी थांबवतं, पाळीचं संप्रेरक कमी होतं. रक्तवाहिन्या लवचिक ठेवायचं कामही तेच करतं." मग त्यांनी फॉर्म पुढं ओढला. "इथं तर पाळी नियमित लिहिलीय. ही तारीख कुणी घातली?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "मीच. माझी चूक झाली."

त्या तिला खूप बोलल्या. ती तारीख मीच टाकायला सांगितली होती, हे मी शेजारी बसूनही सांगितलं नाही. तिला शिबिरातून घरी पाठवलं. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. नसरापूर गेलं तरी मी तिच्याकडं सरळ बघू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी आधी डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. "हे काल तिच्यासमोर बोलायला हवं होतंत," एवढंच त्या म्हणाल्या. मग मी तिच्या घरी गेले. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. माझी पाळी कधी थांबली नव्हती इथपासून सगळं तिला सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"आमी अडाणी, मॅडम. म्हून तर तुमाला इचारलं."

त्या दिवशी तिनं मला चहा विचारला नाही. मुलगी दारात उभी होती. तिला मी म्हटलं, "माझं चुकलं. तिथं बोलायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली आणि आत गेली.

ती वर्षभर स्पर्धेत उतरली नाही. पोटभर जेवली, थोडं चालली, थोडं पळली. सात महिन्यांनी पाळी आली, हे मला तिच्या आईनं नाही, डॉक्टरांनी कळवलं. पुढच्या तपासणीत रोहिणीही बरीच सुधारली होती. मी स्वतःच सांगून तिला दुसऱ्या प्रशिक्षकांकडं पाठवलं. ती हो-नाही न करता गेली, ते मला जास्त लागलं.

आता माझ्याकडच्या मुलींना पाळीबद्दल मी मोकळेपणानं विचारते. त्याबद्दल कुणी माझं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलते.

गेल्या हिवाळ्यात तिची शर्यत बघायला पुण्याला गेले होते. चौथी आली. अंगानं भरलेली, चेहऱ्यावर तेज. शर्यतीनंतर तिची आई तिला डब्यातलं काहीतरी भरवत होती आणि दोघी हसत होत्या. मी मैदानाकडेच्या वरच्या पायरीवर बसले होते. खाली जावं असं फार वाटलं, पण गेले नाही.