दोनचा भोंगा आणि मामाचा फोरमन

माझ्या मामाइतकं सफाईदार खोटं बोलणारा माणूस भिलाईत दुसरा झाला नाही. आणि तेव्हा कारखाना उभा राहत होता, देशभरातून माणसं येत होती, म्हणजे चढाओढ काही कमी नव्हती. पहिली भट्टी आपल्याच काडीनं पेटली असं तो पाहुण्यांना सांगे. रशियन साहेबाला तंबाखू मळायला आपणच शिकवलं, हे तर तो इतक्या वेळा बोलला होता, की पुढे पुढे त्याला ते आठवायलाही लागलं होतं. खोटं बोलताना त्याचा चेहरा आंघोळ करून आलेल्या माणसासारखा स्वच्छ असे. नेम मात्र एकच होता: जनावराशी खोटं बोलायचं नाही. "माणसाले खोटं सांगतलं त ते पचवते," तो म्हणे, "घोड्याले नाई पचत. तो भरवसा ठेवते ना बे!"

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. भंडाऱ्याकडून आला आणि दुर्ग स्टेशन ते कारखान्याचं गेट असा टांगा हाकू लागला. घोड्याचं नाव फोरमन, कारण मामाच्या मते तो स्वतः काही करत नसे, नुसता उभा राहून फुरफुरे. मग बसगाड्या सुरू झाल्या. सवाऱ्या गेल्या, टांगा आमच्या क्वार्टरमागे कोंबड्यांच्या ताब्यात गेला आणि घोडा तेवढा उरला. दुर्गचा एक बँडवाला दोनदा येऊन त्याचे दात पाहून गेला. वरातीला घोडा हवाच होता त्याला. तो येऊन गेला की मामा दोन दिवस जेवत नसे.

अशात कळलं, की नंदिनीच्या रस्त्यावर मिशनच्या आवारात मुलांचं उन्हाळी शिबिर भरतंय, आणि त्यात प्रार्थना, गाणी आणि घोडेस्वारी आहे. फक्त घोडा नाही. मामा त्याच दिवशी फोरमनला घेऊन हजर झाला. शिबिराचे पादरीसाहेब मूळचे अमरावतीकडचे, साधे गृहस्थ. मामानं त्यांना सांगितलं, "साहेब, पलटनीतला घोडा आहे हा. टांगा म्हंजे काय, त्याले माहीत नाई." पादरीसाहेबांनी विश्वास ठेवला, पण बजावलं, "एका जरी मुलाला घेऊन उधळला, तर त्याच दिवशी तुम्ही आणि घोडा दोघंही फाटकाबाहेर." फाटकाबाहेर बँडवाला उभा आहे, हे मामाला सांगायची गरज नव्हती.

मामा तिथे म्हणून मलाही पाठवायचं ठरलं. मी दहा वर्षांची. आमच्या घरी बौद्ध होऊन फार वर्षं झाली नव्हती, त्यामुळे बाबा जरा धास्तावले होते. मला समोर बसवून म्हणाले, "प्रार्थना करतीन त चूप उभी राहाजो. आपण धरम एकदा बदलला. दर उन्हाळ्यात नाई बदलायचा." मामाला असली अडचण नव्हती. तो बाबांना जयभीम घाली, शेजाऱ्यांना रामराम, आणि शिबिरात सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं आमेन म्हणे. कधी कधी तर प्रार्थना संपण्याआधीच. जेवणाआधी सगळे डोळे मिटत, तेव्हा मामाचा एक डोळा वरणाच्या पातेल्यावर असे.

घोडेस्वारीची शिकवणी रोज पाचला, उन्हं उतरल्यावर. पहिल्याच दिवशी पलटनीचं पितळ उघडं पडलं, निदान आमच्यापुढे. फोरमन लगामाला हलेना, टाचेला हलेना. मग मामानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच हाक दिली, "चला दुर्ग, दुर्ग! एक सवारी!" घोडा तरातरा निघाला. पुढे तो मैदानातल्या चाफ्याशी आपणहून थांबे, पोर उतरतंय का ते पाही, आणि पुन्हा हाक मिळाल्याशिवाय पाऊल उचलत नसे. पंधरवड्यात आम्ही सगळी पोरं उत्तम टांगेवाले झालो. पादरीसाहेब जवळ आले की मामा सांगे, "पलटनीची भाषा आहे, साहेब." आणखी एक गोष्ट होती. रोज दुपारी मामा फोरमनला आंब्याला आवळून बांधी आणि स्वतः शेजारी उभा राही. उन्हामुळे असेल, असं आम्हाला वाटायचं.

शेवटच्या दिवशी आईबाप आले. घोड्यांचा कार्यक्रम, म्हणजे एकट्या फोरमनचा, बाराला होता. पण प्रमुख पाहुण्यांनी भाषणाला जी सुरुवात केली, तिचा शेवट त्यांनाच सापडेना. मामा घड्याळ असलेल्या प्रत्येक माणसाला वेळ विचारत फिरत होता. "साहेब, घोडा उद्या दाखवू," त्यानं एकदा म्हणूनही पाहिलं. अखेर माझी पाळी आली. मी ऐटीत बसले, बाबांकडे पाहून हात हलवला आणि कारखान्याचा दोनचा भोंगा वाजला.

फोरमनचे कान उभे राहिले. दोनच्या भोंग्याला पाळी सुटते आणि सवाऱ्या बाहेर येतात, हे त्याला टांग्याच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तो वळला, फाटकातून बाहेर पडला आणि रस्त्याला लागला. उधळला म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. कामाला उशीर झालेला माणूस निघतो तसा निघाला. मागे आईची किंकाळी ऐकू आली. मी आयाळ धरली आणि जो देव आठवेल त्याचं नाव घेतलं. बाबांना हे मी कधीच सांगितलं नाही.

दीड-दोन मैलांवर कारखान्याच्या गेटसमोर, टांग्यांच्या जुन्या अड्ड्यावरच्या कडुनिंबाखाली तो थांबला. पाळीवरची माणसं सुटली होती. कोणी सायकलवर टांग टाकली, कोणी बसकडे धावलं. फोरमन एकेका माणसाकडे मान वळवून पाहत होता. कोणीच येईना. तेवढ्यात मामा धापा टाकत पोचला, आणि पाठोपाठ बाबा सायकलवर, मागच्या कॅरियरवर पांढरा झगा सावरत पादरीसाहेब.

"हा पुढे का जात नाही?" साहेबांनी विचारलं. "हाक दिल्याशिवाय तो चालत नाही," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. मामा काहीतरी फर्मास थाप मारेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. मामा त्या रिकाम्या अड्ड्याकडे पाहत होता. त्याच्याजवळ थाप नव्हती. मला फार भीती वाटली.

घोड्याच्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, "घोड्याची गलती नाई, साहेब. भोंगा वाजला, तो ड्यूटीवर आला. खोटं मी बोललो."

घोड्यावर मी उन्हात तापत होते. पादरीसाहेबांनी घाम पुसला, छाती भरून घेतली आणि रविवारच्या आवाजात हाक दिली, "चला दुर्ग, दुर्ग! एक सवारी!" फोरमन निमूट चालू लागला. गेटवरची माणसं पोट धरून हसली. साहेबही हसले, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी आणखी तीनदा हाक दिली, गरज नसताना.

मामाला त्यांनी ठेवून घेतलं. अट एकच: भोंगा वाजेल तेव्हा घोडा त्यांच्या डोळ्यांसमोर पाहिजे. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात दुपारची प्रार्थना दोनला ठेवली आणि आमच्या रांगेत मामा आणि फोरमनही उभे राहू लागले. प्रार्थनेत साहेबांचे डोळे मिटलेलेच असत, हा भाग वेगळा. भोंगा झाला की मामा दोन्ही तळव्यांनी घोड्याचे कान झाकून घेई आणि त्याचे ओठ हलत. "मामांना अखेर प्रार्थनेची गोडी लागली," असं साहेब आईला कौतुकानं म्हणाले.

मी मामाच्या अगदी शेजारी उभी असे. मला ऐकू यायचं. रोज तो फोरमनला एकच सांगायचा, "आज सुट्टी आहे, बापू. आज सुट्टी आहे."