कोपऱ्यातला आकडा

आमच्या एक्स-रे विभागात तिच्या माघारी तिला सगळे 'हलूनकाताई' म्हणतात. तोंडावर नुसतं ताई. दिवसातून शंभर वेळा ती दोनच वाक्यं म्हणते, 'श्वास धरा' आणि 'हलू नका'. तिच्या नवऱ्याची तक्रार आहे की झोपेत कूस बदलली तरी ओरडा बसतो.

मला मशीनला हात लावायला तिनेच शिकवलं. मोडक्या हाताखाली उशी कशी सरकवायची, रडणाऱ्या पोराला कधी हसवायचं आणि कधी सरळ दटावायचं, घाबरलेल्या आजोबांशी शिशाच्या काचेआडून कुठल्या आवाजात बोलायचं, सगळं. तिने काढलेला फोटो ओळखू येतो. सरळ, स्वच्छ, पुन्हा काढायची वेळ क्वचित. मी कुणाचं फारसं कौतुक करणारा माणूस नाही, विचारा माझ्या बायकोला. पण हिच्या हाताला तोड नाही.

मुख्य तंत्रज्ञाची जागा रिकामी झाली तेव्हा ती तिचीच, हे शिपायालाही ठाऊक होतं. अकरा वर्षं तिने त्या जागेची वाट पाहिली होती. दोनदा हातातोंडाशी आलेला घास गेला होता. एकदा बाहेरचा माणूस आणला, एकदा जागाच भरली नाही. या वेळी अर्ज दोनच होते, तिचा आणि माझा. माझा तिनेच भरायला लावला होता, कारण एका अर्जावर मुलाखत होत नाही.

नेमकं त्याच महिन्यात आमचं स्वमूल्यमापन आलं. प्रमाणपत्र टिकवायचं तर दर काही वर्षांनी संगणकावर बसून प्रश्न सोडवायचे. पास-नापास काही नाही. प्रश्नांच्या ज्या विभागात तुम्ही कच्चे, त्याचे धडे तुमच्या गळ्यात पडतात, आणि निकाल फक्त तुम्हाला दिसतो. आता निकाल फक्त आपल्यालाच दिसणार म्हटल्यावर माणूस काय करेल? आम्ही उत्तरांची यादी फोनवर फिरवतो. कुणीच कशात कच्चं निघत नाही आणि धड्यांची कटकट मिटते.

मी तिला यादी पाठवली. तिने उघडलीही नाही.

"अरे, मला काय येत नाही ते मला विचारतायत," ती म्हणाली. "ते तू कसं सांगणार?"

जुन्या डार्करूमची आता कोठी झाली आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथे खोक्यांमध्ये बसून तिने प्रश्न सोडवले आणि तोंड पाडून बाहेर आली. डोसच्या, म्हणजे किरण किती द्यायचे त्या विभागात कच्ची. तिला तो अपमानच वाटला. दोन दिवस मशीनशीसुद्धा तुटक वागली. मग सोळा तासांचे धडे उघडले, आणि तिसऱ्या धड्यात तिला आपली चूक सापडली.

फिल्मच्या काळात किरण जास्त पडले की फिल्म काळीठिक्कर व्हायची. चूक लगेच चव्हाट्यावर. आठ वर्षांपूर्वी आलेली आताची मशीन फोटोचा उजेड आपोआप सावरून घेते. किरण कमी पडले तर फोटो खरखरीत येतो आणि डॉक्टर ओरडतात. जास्त पडले तर उलट सुरेख येतो आणि शाबासकी मिळते. जास्त पडले हे सांगतो तो फक्त फोटोच्या कोपऱ्यातला एक बारीक आकडा, आणि तो आमच्यातलं कुणी बघत नव्हतं. 'थोडं जास्तच दे, फोटो बिघडायला नको,' हे तिने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं.

तीन दुपारी बसून तिने आपले जुने फोटो काढले, फक्त लहान मुलांच्या छातीचे, आणि आकडे वहीत उतरवले. चारशे बारा. दुसऱ्यांचे बघायचा आपल्याला हक्क नाही, म्हणाली. निम्म्याहून जास्त मुलांना तिने लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट किरण दिले होते. एवढ्याने कुणाला काही झालं असेल असं नाही, हे तीही जाणत होती. पण द्यायची गरज नव्हती. ज्या फोटोंवर तिचं नाव झालं, ते असे आले होते.

"मुलाखत सोमवारी आहे," मी म्हणालो. "डॉक्टरांना मंगळवारी सांग ना. आठ वर्षं गेली, आणखी पाच दिवसांनी काय आभाळ कोसळणारंय?"

"उद्या नऊला तीन वर्षांची मुलगी आहे. तिला काय सांगू, मंगळवारी ये?"

"तिला तू कमी दे. बाकीचे किती देतात, ते त्यांचं ते बघतील."

"बाकीच्यांना मीच शिकवलंय रे."

रागच आला मला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस म्हणायची ही, आणि मी तसं बोललोही. तिथे जमेना म्हणून तिच्या नवऱ्याच्या दुकानात गेलो. तो शिंपी. म्हटलं, भाऊजी, तुम्ही तरी समजवा.

तो मान वर न करता म्हणाला, "माझं माप चुकलं तर मी उसवतो. तिला उसवता येत नाही. मी काय समजावू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिने वही विभागाच्या प्रमुख डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. "हेच फोटो मी वाखाणले होते," एवढंच बोलल्या. नऊच्या आत, कुठल्या अंगकाठीला किती द्यायचं याचा तक्ता मशीनशेजारी लागला, तिच्याच अक्षरातला.

मुलाखतीला कार्यालयातले तिघे होते. वहीची गोष्ट नियमाप्रमाणे त्यांच्यापर्यंत गेली होती. त्यांनी तिला विचारलं, चूक तुमची? ती हो म्हणाली. आठ वर्षं? हो. मग मला माझ्या स्वमूल्यमापनाबद्दल विचारलं. मी छापलेला कागद पुढे केला, एकाही विभागात कच्चा नाही. जागा मला मिळाली.

अभिनंदन करायला तीच पहिली आली, आणि मनापासून. टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "आता सगळ्यांचे आकडे बघायचा हक्क तुला आहे. दर आठवड्याला बघत जा."

पहिल्या शुक्रवारी मी सगळ्यांच्या आकड्यांची यादी काढली. तिचे सगळे फोटो तक्त्याबरहुकूम. जास्तीचे अकरा निघाले, त्यातले नऊ माझे. तक्ता डोळ्यांसमोर होता, पण फोटो बिघडेल या भीतीने माझा हात वर जात होता.

तिची जागा मी खाल्ली, असं त्या क्षणी मला स्वच्छ वाटलं. कोठीत जाऊन बसलो आणि तेच प्रश्न पुन्हा उघडले, या वेळी माझे मी. पहिल्याच प्रश्नाला अडलो. पाचपैकी चार विभागांत कच्चा निघालो. निकाल फक्त मला दिसत होता. मी तो छापला, खाली 'मुलाखतीतला कागद खरा नव्हता' असं लिहून सही केली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

मग तिला सांगायला गेलो. ती पेशंट घेत होती, म्हणून बाहेर बाकावर, रांगेत बसलो.